धुतलेली सॅक

सॅक अजून ओलसर होती आणि तिला कपडे धुण्याच्या पावडरीचा वास येत होता.

"मामा, ही धुतली कुणी?" मी विचारलं.

निकममामा आमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे होते. अंगात शाळेचा खाकी शर्ट, हातात सायकलची किल्ली. सात नंबरची सॅक त्यांनी माझ्या हातात दिली होती, पण माझ्याकडे बघत नव्हते.

"मीच," ते म्हणाले. "लई माती बसलीवती."

"पण धुणं माझं काम आहे."

"एकांदी मी धुतली तर काय झालं?"

एवढं बोलून त्यांनी सायकलवर टांग टाकली. एरवी ते चहा घेतल्याशिवाय जायचे नाहीत. आई आतून कप घेऊन आली तेव्हा जिन्याखाली कुणी नव्हतं. ती म्हणाली, "काय बोललीस त्यांना?" मी काहीच बोलले नव्हते. पण डोक्यात किडा वळवळायला लागला होता.

माझा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याने हसून नमस्कार केला तरी आज दुधात पाणी जास्त असणार असं मला वाटायचं. घरात मला सीआयडी म्हणायचे. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, साताऱ्यात एका वकिलांकडे टायपिंग करत होते, आणि आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या अकरा सॅक माझ्या ताब्यात होत्या. स्वतःची सॅक विकत घेण्याची ऐपत कुणाचीच नव्हती. गावातल्या एका सीटकव्हर शिवणाऱ्याकडून मंडळाने त्या शिवून घेतल्या होत्या आणि त्यांच्यावर ऑइलपेंटने नंबर टाकले होते. मोहीम संपली की सगळ्या सॅक आमच्या गच्चीवर यायच्या.

त्या धुवायच्या कशा, हे मला मामांनीच शिकवलं होतं. आधी सगळे कप्पे रिकामे करून सॅक उलटी करायची आणि झटकायची. चेनच्या दातांतली माती जुन्या टूथब्रशने काढायची. पाणी कोमट, साबण अंगाचा, तोही थोडा. कपड्यांची पावडर चुकूनही नाही, कारण सॅकच्या आतून पाणी अडवणारा जो लेप असतो तो पावडरीने सोलवटतो. पिळायचं नाही, उन्हात टाकायचं नाही. सगळ्या चेन उघड्या ठेवून सावलीत उलटी टांगायची आणि वाळली की चेनवरून मेणबत्ती फिरवायची. घामाच्या मिठाने पट्टे कडक झाले असतील तर ते बकलातून काढून वेगळे भिजवायचे.

आणि पट्टा परत ओवताना परतीची घडी घालायची. म्हणजे पट्टा बकलातून ओवला की त्याची शेंडी उलटी फिरवून पुन्हा त्याच फटीतून आणायची. घडी नसली तरी पट्टा बसतो, हाताने ओढला तर धरतोही. पण ओझ्याचे हिसके बसत गेले की तो सुतासुताने सरकतो आणि एका क्षणी निसटतो.

हे सगळं झालं की मी चेनच्या दोन्ही टोकांना पिवळा धागा बांधायचे. तो धागा म्हणजे माझी सही. मोहिमेला निघताना ज्याच्या पाठीवर सॅक जाणार त्याने मोहीमप्रमुखासमोर प्रत्येक पट्टा ओढून बघायचा आणि मग धागा तोडायचा. धागा तुटेपर्यंत सॅक माझी आणि तुटल्यावर त्याची. ही पद्धतही मामांनीच घालून दिलेली.

अशा माणसाने पावडर टाकून सॅक धुतली होती.

मी ती गच्चीवर नेली आणि उलटी केली. आतला लेप पांढऱ्या पापुद्र्यांनी निघत होता. कापड पिळल्याच्या सुरकुत्या होत्या. पट्टे तर ब्रशने असे घासले होते की त्यांचा मूळचा निळा रंग उठून दिसत होता. उजव्या खांद्याचा पट्टा बकलात व्यवस्थित ओवलेला होता, परतीच्या घडीसकट.

आदल्या रविवारी त्याच उजव्या पट्ट्यामुळे हेमांगी पडली होती.

हेमांगी बर्गे माझी मैत्रीण, माझ्याहून चार वर्षांनी लहान. आमच्या मंडळातून उत्तरकाशीच्या गिर्यारोहणाच्या कोर्ससाठी निवड झालेली पहिली मुलगी. तिच्या आईचा विरोध मोडायला मी तीन संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन बसले होते. जायला दोन महिने होते. सरावासाठी निकममामा सहा जणांना घेऊन वानरटोकावर गेले होते, मी मात्र नव्हते. माथ्याच्या खाली कड्याला चिकटून आडवं जायची पंचवीस-तीस पावलांची वाट आहे. ती कठीण नाही म्हणून तिथे दोर लावत नाहीत. हेमांगी मध्यावर असताना उजवा पट्टा सुटला, अख्खी सॅक डाव्या खांद्यावर गेली आणि तिला ओढून घेऊन गेली. वीस फूट खाली कातळाची पायरी होती म्हणून जीव वाचला. टाचेचं हाड मात्र चुरलं. कोर्स गेलाच. नीट चालता येईल का, तेही डॉक्टर सांगत नव्हते.

सॅक कड्याखाली घरंगळली होती. सोमवारी मामा एकटे परत गेले, ती शोधून घरी घेऊन आले आणि बुधवारी माझ्या हातात दिली. धुऊन.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. हेमांगीचा पाय लोखंडी कांबीला टांगलेला होता. तिची आई पाणी आणायला गेल्याबरोबर मी विचारलं, "तू पट्टे ओढून बघितले होतेस?"

"बघितले ना. दोन्ही."

"आणि धागा?"

"मामांसमोर तोडला. वैजू, तू काय माझी उलटतपासणी घेतेयस?"

"तोडल्यानंतर सॅकला कुणी हात लावला?"

तिने आठवायचा प्रयत्न केला. "मी झाडामागे जाऊन आले तेवढा वेळ ती मामांपाशी होती. का गं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? तुझं नाक फुगलंय."

मी तिच्या उशीची खोळ सारखी केली आणि निघाले. घरी येईपर्यंत माझा हिशेब पुरा झाला होता. सॅक माझ्याकडून नीट गेली. हेमांगीने ओढून बघितली. मग मधल्या वेळात ती एकाच माणसाच्या हातात होती, आणि तोच माणूस सोमवारी एकटा जाऊन ती घेऊन आला, तिच्यावरची सगळी माती धुऊन टाकली.

मातीचं महत्त्व मंडळात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. वानरटोकाची माती तांबडी आणि चिवट. मोहिमेवरून आलेल्या पट्ट्यावर बकलाखालचा भाग तेवढा स्वच्छ राहतो, बाकी सगळं तांबडं होतं. पट्टा कसा ओवला होता, घडी होती की नव्हती, हे त्या स्वच्छ रेघांवरून सरळ कळतं. घडी असली तर दोन रेघा, नसली तर एकच. सॅक न धुता माझ्याकडे आली असती तर मी पाच मिनिटांत सांगितलं असतं.

शनिवारी बैठक होती. मामांनी यापुढे मोहिमा न्यायच्या की नाही, एवढाच विषय. वीस वर्षं ते मंडळाचे मोहीमप्रमुख होते. शाळेत ते शिपाई होते. तिथे पोरं त्यांना घंटा वाजवणारे मामा म्हणून ओळखायची. पण कड्यावर मुख्याध्यापकही त्यांच्या शब्दाबाहेर पाऊल टाकत नसत. त्या वीस वर्षांत त्यांच्या मोहिमेत कुणाला साधं खरचटलं तरी बातमी व्हायची. हे पद गेलं असतं तर त्यांच्यापाशी फक्त घंटा उरली असती.

मला हे सगळं कळत होतं. तरीही मी ती सॅक बरोबर घेऊन गेले.

शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात आम्ही आठ जण बसलो होतो. अध्यक्ष देवस्थळी वकील, म्हणजे मी ज्यांच्याकडे टायपिंग करायचे तेच. त्यांनी मामांना विचारलं, "निकम, तुमचं काय म्हणणं आहे?"

"अपघात झाला," मामा म्हणाले. "पट्टा सुटला."

"का सुटला?"

मी उठले. "सर, मला एक विचारायचंय. मामा, तुम्ही सॅक धुतलीत का?"

"सांगितलं की. माती बसलीवती."

"माती तर प्रत्येक वेळी बसते. आजवर एकदा तरी धुतलीत?"

"न्हाई."

"पावडरीने धुवायची नाही, हे मला कुणी शिकवलं?"

"मी."

"मग?"

मी सॅक टेबलावर ठेवली आणि आतले पापुद्रे नखाने काढून दाखवले. "हे बघा सर. सॅकची वाट लागली तरी चालेल, पण माती राहता कामा नये, अशा घाईने धुतलेली आहे. मामा काहीतरी लपवतायत."

ते माझ्याकडे बघत राहिले. चोरी पकडलेल्या माणसासारखी नजर खाली जाईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. ते मला नीट निरखत होते, कड्यावर पुढची खोबण शोधताना निरखतात तसं. मग त्यांनी देवस्थळींकडे तोंड वळवलं.

"पोरगी बरुबर बोलतीया," ते म्हणाले. "हेमांगी झाडामागं गेलीवती तवा मी तिचा पट्टा लांब केला. तिच्या उंचीला आखूड होत व्हता. घडी घालायची राहिली. माझ्या हातनं राहिली."

"आणि ते लपवायला सॅक धुतलीत?"

"व्हय."

देवस्थळी बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल करत होते. मग त्यांनी ठराव सांगितला आणि मी तो लिहून घेतला. मामांनी राजीनाम्यावर सही केली, सगळ्यांना हात जोडले आणि जाताना वर्गातला पंखा बंद केला. सवयच ती.

खोटं कशाला बोलू, मला त्या रात्री बरं वाटलं. दुःख होतं, पण त्याच्या वर माझा संशय खरा ठरल्याचं सुख होतं. दुसऱ्या दिवशी मी हेमांगीला सगळं सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "त्यांना सांग, इथे यायचं नाही."

मी निरोप पोचवला.

पुढच्या आठवड्यात चार नंबरची सॅक काढायची वेळ आली. वानरटोकाला ती गेली नव्हती. माझ्या कपाटात पिवळ्या धाग्यासकट तशीच होती. एका पोराला ती लोहगडला न्यायची होती. देण्याआधी उगाच आपला पट्टा चाचपला आणि माझा हात थांबला.

उजव्या पट्ट्याला घडी नव्हती.

मी पुन्हा पाहिलं. पट्टा एकदाच ओवलेला, शेंडी सरळ खाली लोंबत होती. ओढला तर धरत होता. दोन वेळा ओढला, तीन वेळा ओढला. मग मी खाली बसले, धागा तोडला, सॅकमध्ये वह्या, पुस्तकं, आईचा पाटा, सापडेल ते भरलं, ती पाठीवर घेतली आणि गच्चीवर उड्या मारत फिरले. बाराव्या-तेराव्या उडीला पट्टा निसटला आणि मी कठड्यावर आपटले.

चार आणि सात मी एकाच दिवशी धुतल्या होत्या. कुठला दिवस ते आठवायला मला जोर लावावा लागला नाही. कऱ्हाडचं स्थळ मला बघायला आलं होतं. दोन्ही सॅकचे डावे पट्टे ओवून झाले होते, उजवे हातात होते, तेवढ्यात आत्या गच्चीवर येऊन ओरडली, "अगं, पाहुणे दारात आले आणि तू काय हे बुरसटलेलं घेऊन बसलीस!" मी उजवे पट्टे कसेबसे बकलात खुपसले, घडी नंतर घालू म्हटलं, आणि साडी नेसायला पळाले. पोहे, प्रश्न, नमस्कार सगळं उरकून तासाभराने वर आले तेव्हा डोक्यात फक्त त्या मुलाला नकार कसा कळवायचा एवढंच होतं. पट्टे ओवलेले दिसले. मी धागे बांधले.

चार नंबर पिशवीत घालून मी मामांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून सायकलची साखळी पुसत होते. मी सॅक त्यांच्यासमोर ठेवली आणि सुटलेला पट्टा दाखवला.

"मला वाटलंच, आनकी एकांदी आसंल," ते म्हणाले. "बरं झालं, तुला गावली."

"तुम्हाला कधी कळलं?"

"सॅक आनाया खाली उतरलो तवाच. पट्ट्यावर येकच रेघ व्हती."

"मग सांगितलं का नाही? सगळ्यांपासून लपवलंत कशाला?"

"सगळ्यांपासनं कुठं?" त्यांनी हात फडक्याला पुसले. "कमिटीला मातीतलं काय कळतंय? तुला कळलं आसतं. तुझ्यापासनं लपवायला धुतली."

मला रडू फुटलं. ते मला रडू देत पट्टा ओवत होते. घडी घातली, गुडघा लावून ओढली.

"मी देवस्थळींना सांगते. आत्ता जाते."

"आन् काय हुईल? हेमांगीचा पाय नीट हुईल? ती तुझी मैत्रीण हाय. आयेला तिच्या तू समजावलंस. तुझं नाव कळलं तर त्या दोघीबी गेल्या तुझ्या. तूबी परत सॅकला हात लावायची न्हाईस. मग धुयाच्या कुणी?"

"आणि तुमचं?"

"माझं गुडघं गेल्यात गं. दोन वर्सांत तसंबी सोडायचंच व्हतं." हे खोटं होतं. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले होते. "आन् तिनं पट्टा वढला तवा मी समूर व्हतो. मला दिसाया पायजे व्हतं. धागा हाय का तुझ्याकडं?"

माझ्या पर्समध्ये पिवळ्या धाग्याचं रीळ कायम असायचं. मी दिलं. त्यांनी चेनची दोन्ही टोकं एकत्र घेऊन धागा बांधला, आपली गाठ मारली आणि दाताने तोडला.

"आता ही माझी," ते म्हणाले. "कुणाला काय बोलायचं न्हाई."

मी होकार दिला. त्यांनी फार आग्रह केला असं नाही. मला ते मानायला सोपं गेलं, एवढंच खरं.

चार नंबरची सॅक मी त्यानंतर कुणाला दिली नाही. हेमांगीचा पाय अर्धवट बरा झाला. ती काठी घेऊन चालते, तिचं लग्न झालं, मुलगी झाली, तिचं आमच्याकडे येणंजाणं कायम राहिलं. मामा रस्त्यात दिसले की ती दुसऱ्या फुटपाथवर जायची. काठी टेकत रस्ता ओलांडायला तिला वेळ लागायचा, तेवढा वेळ मामा उभे राहायचे. सव्वीस वर्षं हे असंच चाललं, आणि मी ते बघत होते.

गेल्या माघात मामा गेले. त्याच चित्रकलेच्या वर्गात शोकसभा झाली. देवस्थळी आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते चांगलं बोलले. शेवटी म्हणाले, "एक चूक सोडली तर निकमांच्या कारकिर्दीला डाग नव्हता."

हेमांगीला मीच आग्रह करून आणलं होतं. ती दाराजवळ बसली होती. मी चार नंबरची सॅक टेबलावर ठेवली, वरची मामांची गाठ दाखवली आणि सगळं सांगितलं. कऱ्हाडच्या स्थळापासून धाग्यापर्यंत. लोक एकेक करून उठले, कुणी माझ्याकडे पाहिलं, कुणी नाही. वर्गात आम्ही दोघीच उरलो.

मला वाटलं, ती मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी त्यांच्याशी बोलत नव्हते, त्याबद्दल तू त्यांना कधी विचारलंस?" तिने विचारलं. "वाईट वाटतं का, वगैरे?"

"एकदा विचारलं होतं."

"काय म्हणाले?"

मला सांगवत नव्हतं. पण आता तिच्यापासून लपवण्यासारखं काही शिल्लक नव्हतं.

"म्हणाले, बोलंल कवातरी."